चढणीच्या माशांना वाट द्यायची तर

जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण भागातले ओहोळ लाल पाण्याने भरतात आणि मासे प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला निघतात. हे चढणीचे मासे. उत्तर कोकणात यालाच वळगण म्हणतात. पाटातून, शेताच्या बांधावरून, कधी पायवाटेवरच्या वीतभर पाण्यातूनही ते सरकत असतात. मादीचे पोट गाबोळीने गच्च असते. त्याच रात्री बॅटरी, कोयते, जाळी घेऊन माणसेही ओहोळात उतरतात, कारण इतका सोपा मासा वर्षात पुन्हा हाती लागत नाही.

नदीतला मासा संपत चालला अशी ओरड झाली की उपाय म्हणून पिल्ले सोडण्याची मागणी होते. पिशव्या येतात, फोटो निघतात, पिल्ले पाण्यात जातात, आणि चार वर्षांनी ओरड तशीच राहते. याचे कारण सोपे आहे. मासा कमी होतो तो बहुतेक वेळा पिल्लांअभावी नाही. त्याची वाट अडलेली असते, पाणी चुकीच्या दिवशी वाढते किंवा आटते, आणि अंडी घालायची जागा गाळाखाली गेलेली असते. या तिन्ही गोष्टी एका गावाच्या किंवा एका खात्याच्या हातात नसतात. म्हणून नदीतला मासा परत आणायचा तर आधी माणसांचा आपसात करार लागतो.

मासा चढतो कशासाठी

नदीच्या वरच्या भागात पाणी उथळ, खळखळते आणि प्राणवायूने भरलेले असते. तळाला वाळू-गोटे असतात. खडशीसारखे महसीर आणि त्यांच्या कुळातले लहान-मोठे मासे अशा गोट्यांत अंडी घालतात. अंड्याला सतत ताजे पाणी लागते; त्यावर बारीक गाळाचा थर बसला तर ते आतच गुदमरते. खाणीच्या डंपावरून वाहून आलेली माती आणि बेकायदा रेती उपसा माशाला मारतो तो असा. मोठा मासा डोळ्यांसमोर पोहताना दिसत राहतो, पण त्याची पुढची पिढी गोट्यांतून बाहेरच येत नाही, आणि हे कळायला पाच-सात वर्षे जातात.

थिगूर (देशी मांगूर), मरळ यांचे वेगळे. त्यांना पावसाने भरलेली शेते आणि पाणथळ जागा हव्या असतात. तिथे पाणी कोमट, किडे-शेवाळ भरपूर आणि मोठे शिकारी मासे कमी. पिल्ले दोन महिन्यांत वाढून पाणी उतरता उतरता ओहोळात परत येतात.

आणखी एक गट उलटा चालतो. वाम नदीत वर्षानुवर्षे वाढते आणि प्रजननासाठी समुद्रात जाते. तिची दोऱ्यासारखी पिल्ले समुद्रातून नदीत चढतात. चोणाक (जिताडा) मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्ले खाजनात (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतजमिनीत) आणि गोड्या पाण्यात येऊन वाढतात. शिवाय चोणाक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळे मोठे चोणाक काढले तर उरतात ते बहुतेक नरच. गोव्याचा राज्य मासा असलेला शेवटोसुद्धा समुद्र आणि खाडी यांच्यात ये-जा करणाराच.

म्हणून ‘नदीतला मासा’ असा एकच मासा नसतो. कोणाला जूनमध्ये वर जायचे असते, कोणाला खाली, कोणाला बाजूच्या शेतात. वाट सोडताना या तिन्ही दिशा धरल्या पाहिजेत.

बंधाऱ्याचे गणित

गोव्यातल्या नद्या-ओहोळांवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. रचना सगळीकडे साधारण सारखीच: पात्रात ओळीने खांब, दोन खांबांमध्ये गाळा, गाळ्यात पाऊस संपल्यावर बसवायच्या फळ्या (घाटावर यांना बर्गे म्हणतात). पावसाळ्याआधी फळ्या काढतात. कागदावर पाहिले तर पावसात बंधारा उघडा असतो, मग माशाला अडचण कसली?

अडचण फळीच्या खाली आहे. गाळ्यांखाली काँक्रीटची फरशी असते. पावसाचे पाणी तिच्यावरून वेगाने घसरते आणि फरशी संपते तिथली माती दरवर्षी थोडी थोडी खणून नेते. दहा वर्षांत फरशीच्या टोकाला हात-दीड हाताची पायरी तयार होते. मासा त्या पायरीशी येऊन थडकतो. वर चढलाच तर पुढे गुळगुळीत फरशीवरचे पातळ, धावते पाणी, ज्यात विसाव्याला एक दगडही नाही.

आता आकडे पाहू. २० सेंटिमीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला साधारण २ मीटर होतो. १० सेंटिमीटरला १.४ मीटर, ५ सेंटिमीटरला १ मीटर. मासा जीव तोडून पोहला तर सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापतो, तेही काही सेकंदच. म्हणजे १० सेंटिमीटरचा मासा सेकंदाला १ मीटर. त्याला चालेल अशी पायरी फक्त ५ सेंटिमीटरची. साल्मनसाठी बांधतात तशा उंच पायऱ्यांची माशांची शिडी आपल्या लहान माशांना निरुपयोगी ठरते, कारण बहुतेकांना तशी उडी मारता येत नाही.

लहान माशांसाठी चालतो तो दगडांचा उतार. बंधाऱ्याच्या एका कडेला, २० मीटरला १ मीटर किंवा त्याहून सौम्य उताराचा मार्ग करायचा आणि त्यात नारळाएवढ्या दगडांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळ्या आकारांचे दगड अर्धे गाडून बसवायचे. दगडामागे पाणी मंद होते. मासा एका दगडाआड थांबतो, झेप घेतो, पुढच्या दगडाआड थांबतो. बंधारा २ मीटर उंच असेल तर हा उतार ४० मीटर लांब होईल.

इथे एक चूक हमखास होते. उतार सरळ खाली नेला तर त्याचे तोंड बंधाऱ्यापासून ४० मीटर दूर उघडते. मासा त्याच्याजवळून निघून जातो, कारण त्याला बोलावते ते सर्वांत जोराचे पाणी, आणि ते असते बंधाऱ्याच्या पायथ्याशी. तिथे तो भिंतीला धडका देत राहतो आणि तिथेच जाळ्यात सापडतो. म्हणून उताराला मध्ये वळण देऊन त्याचे खालचे तोंड पुन्हा बंधाऱ्याच्या पायथ्याला आणायचे आणि त्यातून येणारे पाणी नजरेत भरेल इतके ठेवायचे. वाटेतच जाळे धरून मासा काढता येतो हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून या मार्गात आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी जाळे-सापळे लावायला बंदी नसेल तर तो बांधूच नये. मग ती वाट नसून सापळाच होतो.

वामीच्या पिल्लांसाठी एवढा खर्चही नको. ओल्या खडबडीत पृष्ठभागावरून ती सरळ चढतात. पाणी झिरपत राहील असा जाड काथ्याचा दोर भिंतीवरून खालपर्यंत सोडला तरी त्यांना आधार मिळतो. दोर कुजतो, म्हणून दरवर्षी मेअखेर नवा बांधायचा.

फळ्यांच्या तारखा हा तर बिनखर्चाचा उपाय आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पाऊस संपल्यावर सगळे गाळे एका दिवसात बंद केले की खालची नदी दोन-तीन आठवडे सुकते. कोंडींमध्ये (पात्रातल्या खोल डोहांत) अडकलेले मासे मग हाताने उचलले जातात, किंवा कोणी ब्लीचिंग पावडर टाकून एका तासात कोंड साफ करतो. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. सगळे गाळे एकदम बंद करण्याऐवजी रोज दोन-दोन गाळे बंद करत जायचे आणि एका गाळ्यात वरची फळी कमी ठेवून खाली सतत धार राहू द्यायची. मे महिन्यात याच्या उलट होते. तळाशी साचलेले काळे, प्राणवायू नसलेले पाणी सगळ्या फळ्या एकदम उपसल्यावर झपकन खाली जाते आणि कोंडीतले मासे तरंगू लागतात. तिथेही वरच्या फळीपासून सुरुवात करून चार-पाच दिवसांत उघडायचे. पण उशीर करायचा नाही. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री फळ्या आत असतील तर त्या वर्षीची चढण गेली.

सगळ्यांना एका टेबलावर कसे बसवले

हे काम एका बंधाऱ्यापुरते करता येते. पूर्ण खोऱ्याचे कसे करायचे, याचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे.

तिथली सुरुवात विषाने झाली. फ्लेमिंग गॉर्ज धरण भरण्याआधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, सरकारी खात्यांनीच ग्रीन नदी आणि उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पट्ट्यात रोटेनोन ओतले. स्थानिक मासे ‘निरुपयोगी’ ठरवून मारायचे आणि शौकिनांसाठी ट्राउट सोडायचा, असा बेत होता. पाचच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांतल्याच दोन जाती संकटग्रस्त यादीत गेल्या: पूर्वी माणसाएवढा वाढणारा आणि प्रजननासाठी ३०० किलोमीटरपर्यंत जाणारा कोलोरॅडो पाइकमिनो, आणि पाठीवर कुबड असलेला हम्पबॅक चब. पुढे बोनीटेल आणि रेझरबॅक सकर यांची भर पडली.

कायदा कडक होता. संकटग्रस्त माशाला धोका होईल असा प्रत्येक कालवा, प्रत्येक धरण न्यायालयात अडकू शकत होते. शेतकरी, शहरे, वीज कंपन्या, पर्यावरण संस्था सगळेच वर्षानुवर्षे भांडत राहिले असते. १९८८ मध्ये कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या तीन राज्यांचे राज्यपाल, केंद्राचे अंतर्गत खाते (तिथे ते जमीन, पाणी आणि वन्यजीव सांभाळते) आणि धरणाची वीज विकणारी सरकारी संस्था यांनी एक करार केला. पाणी वापरणारे, वीजग्राहक आणि पर्यावरण संस्थाही त्यात आल्या. मुद्दा असा: प्रत्येक प्रकल्पाने स्वतंत्रपणे माशाची भरपाई करायची नाही, सर्वांनी मिळून एकच कार्यक्रम चालवायचा. मासे सुधारत आहेत की नाही हे वन्यजीव खाते वेळोवेळी तपासणार. सुधारणा पुरेशी असेल तर प्रकल्पांना मंजुरी चालू; नसेल तर सगळ्यांचीच अडचण. या छत्राखाली दोन हजारांहून अधिक पाणी प्रकल्प चालू राहिले. शेतकऱ्याला मासा टिकण्यात स्वतःचा फायदा दिसू लागला, आणि करार इतकी वर्षे टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

पण करारापेक्षा मोलाची आहे ती त्यातली बारीक कामगिरी. रेझरबॅक सकरच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना नदीकाठच्या पाणथळीत जायचे असते. धरणातून पूर्वी वसंतात मोठे पाणी सोडत, पण ते पिल्ले जन्मण्याआधीच वाहून जाई. २०१२ पासून पद्धत बदलली. रात्री काठाला दिव्याचे सापळे लावतात. उजेडाकडे पिल्ले येतात. पहिली पिल्ले सापळ्यात दिसली की धरणाला कळवतात आणि मग पाणी सोडतात. पूर पिल्लांना घेऊनच पाणथळीत शिरतो. पाणथळीच्या दारावर जाळी असते: केसाएवढे पिल्लू आत जाते, पिल्ले खाणारा मोठा परका मासा बाहेर राहतो. उन्हाळाभर पाणी टिकवतात आणि शरदात दार उघडून वाढलेले मासे मोजून नदीत सोडतात. पाण्याचा एकही जादा थेंब नाही, फक्त तारीख बदलली.

दुसरीकडे, पाणी फार कमी होणाऱ्या २४ किलोमीटरच्या एका पट्ट्यासाठी कालव्याची दारे सुधारली. पूर्वी शेवटच्या शेताला पाणी पोचावे म्हणून कालव्यात गरजेपेक्षा जास्त पाणी घेत. मध्ये नियंत्रक दारे बसवल्यावर तेवढे पाणी नदीतच राहिले. उन्हाळ्यात जलाशय चालवणारे आणि मासे मोजणारे आठवड्याला फोनवर एकत्र बोलतात आणि कोणी किती सोडायचे ते ठरवतात.

यश संमिश्र आहे. हम्पबॅक चब २०२१ मध्ये ‘संकटग्रस्त’वरून कमी धोक्याच्या वर्गात आला. पाइकमिनो मात्र सावरलेला नाही, कारण बाहेरून आणलेले बास आणि पाइक त्याची पिल्ले फस्त करतात. दरवर्षी विजेच्या धक्क्याने बधिर करून ते काढावे लागतात. बोनीटेल जवळजवळ पूर्णपणे संवर्धन केंद्रांवर जगतो.

पिल्ले सोडताना

पिल्ले सोडूच नयेत असे नाही. वाट मोकळी झाली, पाणी राहिले, तरी मूळ मासेच फार थोडे उरले असतील तर सोडावी लागतात. पण कोणती, हा प्रश्न आधी.

कावेरीचे उदाहरण विसरण्यासारखे नाही. लोणावळ्याजवळच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनच्या महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. तिथली पिल्ले चांगल्या हेतूने दूरदूरच्या नद्यांत गेली, कावेरीतही. कावेरीत स्वतःचा, भगव्या शेपटीचा, मोठ्या कुबडाचा महसीर होता. पुढच्या काही दशकांत आणलेला महसीर वाढत गेला आणि मूळचा दिसेनासा होत गेला. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी या जातीचा असल्याचे सिद्ध झाले. आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. महसीर सोडूनच महसीर संपण्याच्या काठाला आला.

म्हणून म्हादईत सोडायचे पिल्लू म्हादईतल्याच आईबापांचे हवे. रोहू, कटला, मृगळ हे मूळ गंगेच्या खोऱ्यातले आहेत. बंद तळ्यात ठीक, वाहत्या नदीत नकोत. आईबापांची संख्याही महत्त्वाची. २० माद्यांना एकच नर वापरला तर पिल्ले हजारो मिळतील, पण त्यांच्यातले वंशवैविध्य जेमतेम ४ माशांइतके असेल. तेच २० माद्या आणि २० नर वापरले तर ४० माशांइतके. संवर्धन केंद्राला नर सांभाळणे खर्चाचे वाटते, म्हणून हा प्रश्न स्पष्ट विचारायलाच हवा.

सोडण्याची रीत साधी आहे. पिशवी १५-२० मिनिटे नदीत तरंगत ठेवायची, मग थोडे थोडे नदीचे पाणी आत घ्यायचे, तापमान जुळल्यावरच तोंड उघडायचे. संध्याकाळी, उथळ काठाला, दहा ठिकाणी थोडी थोडी. पुलावरून ओतलेली पिल्ले भेदरून एका जागी गोळा होतात आणि खालच्या माशांचे जेवण होतात.

परक्या माशांबद्दल थोडक्यात: आफ्रिकन मांगूरवर २००० पासून देशात बंदी आहे, तरी तो तळ्यांतून पुरात निसटतो आणि आपल्या थिगुराची जागा घेतो. तिलापिया काढून संपत नाही; तो नवीन ओहोळात जाऊ न देणे एवढेच हाती असते. डासांसाठी गप्पी किंवा गांबुशिया ओहोळात सोडायची गरज नाही. गोव्यातच डासांच्या अळ्या खाणाऱ्या देशी पिकू माशाचा वापर यशस्वी झालेला आहे.

म्हादईच्या टेबलावर कोण

म्हादईचे खोरे २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाणी वाटले: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे, आणि केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ प्राधिकरणाला मंजुरी दिली. हे सगळे आकडे वर्षाच्या बेरजेचे आहेत. माशाला बेरीज कळत नाही. वर्षाचे पाणी जवळजवळ पूर्ण चार महिन्यांत येणाऱ्या नदीत एप्रिल-मेमधली बारीक धार गेली तर पावसातला पूर ती भरून काढू शकत नाही. वरच्या कोंडींत उन्हाळा काढणारा मासा जूनला चढायला उरतच नाही. म्हणून गोव्याची मागणी ‘किती’बरोबर ‘कोणत्या महिन्यात किती’ अशी असायला हवी, आणि ती मांडायची तर आपल्याकडे माशांच्या नोंदी हव्यात.

तीन राज्ये एकत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. एका ओहोळाला पुरेसे टेबल गावातच जमते: फळ्या घालणारे शेतकरी, पाट ओढणारे कुळागरवाले (सुपारी-नारळाचे बागायतदार), जलस्रोत खाते, मत्स्य खाते, वनहद्द असेल तर वन खाते, आणि पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या कायद्याने ही समिती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. खाली खाजन असेल तर मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) मासेमारीचा लिलाव घेणारा माणूसही बोलवावा. मानशीची दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. आत आलेली चोणाकाची पिल्ले बाहेर जाणार की जाळ्यात, हे त्याच्या जाळ्याच्या डोळ्यावर ठरते.

ठरवायचे ते थोडके: फळ्या घालायची-काढायची तारीख आणि क्रम, एका गाळ्यातली किमान धार, पहिल्या मोठ्या पावसापासून दहा रात्री चढणीवर जाळे नाही, पंपाच्या आणि पाटाच्या तोंडाला ३ मिलिमीटरची जाळी, आणि दोन कोंडी कायमच्या राखीव. राखीव कोंड आपल्याकडे नवी कल्पना नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर आजही कोणी मारत नाही. दहा रात्रींची बंदी मात्र जड जाते, कारण चढणीचा मासा हा पावसाच्या सुरुवातीचा सण आहे. सरसकट बंदी टिकत नसेल तर पहिल्या पाच रात्री पूर्ण सोडाव्यात आणि पुढे ओहोळाची अर्धी रुंदी मोकळी ठेवून मासेमारी करावी. आडवी, काठापासून काठापर्यंतची जाळी तेवढी कधीच नको.

मोजणीला महाग यंत्रे लागत नाहीत. परदेशात माशाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात; इथे सुरुवातीला वही पुरते. दर पंधरवड्याला ठरलेल्या तीन जागी, ठरलेल्या वेळी, सारख्याच जाळ्याने, सारखेच फेके. मासा ओळखून, लांबी मोजून परत सोडायचा. जात ओळखता आली नाही तर ओल्या हातावर, बाजूने, मोजपट्टीसह फोटो. लांबी विसरू नये: सगळे मासे मोठेच मिळत असतील तर नवी पिढी येत नाही असा अर्थ होतो, आणि संख्या चांगली दिसत असतानाच तो इशारा मिळतो. बंधाऱ्याच्या वर आणि खाली वेगवेगळी नोंद ठेवावी. उतार बांधल्यावर दोन पावसांनी वरच्या बाजूला बोटाएवढी पिल्ले वाढलेली नसतील, तर आधी उताराचे खालचे तोंड तपासावे. बहुतेक वेळा तिथेच दगड हललेले किंवा माती खणून गेलेली सापडते.